आजीचं मत घरी येऊन नेलं, नातवाचं पुण्यात राहिलं

वाळवंटीकाठचा (साखळी, गोवा)

गेली दोन वर्षं मनात घोळतंय ते आज लिहून काढतो.

२०२४च्या लोकसभेची गोष्ट. मतदानाला आठवडाभर असताना सकाळी दहाच्या सुमारास आमच्या अंगणात गाडी थांबली. मतदान अधिकारी दोघे, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. आई तेव्हा सत्त्याऐंशीची, कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. बीएलओ बाई (मतदारयादीचं काम बघणाऱ्या) आधी येऊन घरून मतदानाचा फॉर्म १२-डी भरून घेऊन गेल्या होत्या, म्हणून मतपत्रिकाच घरी आली. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना ही सोय आहे. खाटेपाशी पुठ्ठ्याचा आडोसा केला, आम्हाला खोलीबाहेर काढलं. आईने सकाळीच सुनेकडून नवं लुगडं नेसवून घेतलं होतं. सगळं उरकल्यावर मी आपलं सहज विचारलं, "कोणाला दिलंस गे?" तर म्हणते, "गुपित असतं ते. एवढा शिकलास, तुला ठाऊक नाही?"

मग ७ मे आला, मंगळवार. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी एक पेपर, बुधवारी दुसरा. सोमवारचा पेपर देऊन रात्रीची बस धरायची, मंगळवारी सकाळी मत द्यायचं, त्याच रात्री परत फिरायचं आणि बुधवारी दहाला परीक्षेला बसायचं, असं गणित त्याने मांडलं. मी मोडलं. "अभ्यास कर, मत काय पळून जात नाही," हे माझे शब्द. जून २००४चा जन्म त्याचा, म्हणजे २०२२ची विधानसभा चार महिन्यांनी हुकली होती. लोकसभा ही पहिली संधी. तीही गेली.

आईला मत देता आलं याचं मला खरंच अप्रूप आहे, त्यावरून कोणी वाद घालू नये. पण त्या रात्री झोप येईना. उंबरठा न ओलांडता आईचं मत झालं. सैनिकाला टपाली मतपत्रिका मिळते, निवडणुकीच्या ड्युटीवरच्या मास्तरला मिळते, पंच्याऐंशीच्या म्हातारीला मिळते. साडेचारशे किलोमीटरवर शिकणाऱ्या पोराला मिळत नाही.

आता माझी लबाडी सांगतो, नाहीतर हे सगळं फुकटचं रडगाणं होईल. २००७ साली मी कर्ज काढून ट्रक घेतला. चीनमध्ये ऑलिंपिकची बांधकामं चालली होती, आपल्या हलक्या प्रतीच्या लोहखनिजालाही सोन्याचे दिवस आले होते. खाणीवरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत जितक्या खेपा तितके पैसे. पोरगा बालवाडीत. त्याची रिक्षा ट्रकांच्या रांगेत तासतास अडकायची, युनिफॉर्मवर तांबडी धूळ बसायची ती धुतली तरी जात नव्हती. त्या रांगेत एक ट्रक त्याच्या बापाचा. वाड्यावरच्या दोन विहिरी आटल्या तेव्हा खाणवाल्याने टँकर पाठवला, आणि आम्ही त्याचे आभार मानले! मत देताना मी एकच बघायचो, खाण चालू कोण ठेवणार. २०१२ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. खाणी सुरू करा म्हणून निघालेल्या मोर्च्यात ओरडून माझा घसा बसला होता.

२१ एप्रिल २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी फार उशिरा वाचला. पोरानेच मोबाइलवर दाखवला. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा वगैरे पेपरात आलेलं होतं, ते ठाऊक होतं. पण त्यात असंही आहे की खनिज विकून येणाऱ्या रकमेतले दहा टक्के एका कायमच्या निधीत टाका, कारण हा साठा पुढच्या पिढ्यांचाही आहे. माझ्या पोराचा वाटा दिल्लीतल्या न्यायाधीशांनी बाजूला काढला. मी सख्खा बाप, ट्रकचे हप्ते मोजत होतो.

आणि आपल्या गोव्यात तर बापाला मुलाला मनाला येईल तसं बेदखल करता येत नाही! पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेपासून चालत आलंय, आताच्या वारसा कायद्यातही आहे. अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव, मृत्युपत्र करायचं ते उरलेल्या अर्ध्याचं. घरच्या भाटाला (बागायतीला) हा नियम. गावच्या डोंगराचं, नदीचं, शेताचं मृत्युपत्र मात्र आम्ही दर पाच वर्षांनी बटण दाबून करतो, आणि वारस तिकडे पुण्यात पेपर लिहीत बसतो.

पुढच्या वर्षी विधानसभा आहे. मंडळी, हा अन्याय आहे की फक्त माझ्या मनाची टोचणी? आणि तोवर काही करता येईल का?

फोंड्याचा फणस

पहिला! बाकी सावकाश वाचून लिहितो.

पेडणेकरीण

दादा, मनापासून लिहिलंय म्हणून मनापासून सांगते. तरुण विरुद्ध म्हातारे हे भांडण मला पटत नाही. माझ्या सासूबाईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये मिळतात, मला गृहिणींसाठीच्या गृह आधारचे १५००. टीव्हीवर चर्चा ऐकली की वाटतं आम्ही दोघी मिळून राज्याची तिजोरी खाल्ली. सासूबाईंच्या दोन हजारांतून त्यांच्या गोळ्या येतात, आणि नातीचं मोबाइल रिचार्जसुद्धा. आता कोणी कोणावर अन्याय केला ते तुम्हीच ठरवा.

जमिनीचं म्हणाल तर ते मात्र खरं. आमच्याकडे एका प्रकल्पाला जमीन गेली तेव्हा कागद सासऱ्यांच्या नावचे, सही त्यांची, पैसे त्यांच्या खात्यात, आणि नोकरीचं आश्वासन माझ्या नवऱ्याला. पैसे आले. नोकरीची वाट बघता बघता नवऱ्याची वयोमर्यादा उलटली.

वाळवंटीकाठचा

पेडणेकरीणताई, पेन्शनवर माझा काडीचा आक्षेप नाही. तुमचा दुसरा परिच्छेद मात्र मला पहिल्यापेक्षा जास्त लागला.

फोंड्याचा फणस

वाचलं. आता कडू बोलतो. मी तीन निवडणुका बूथवर एजंट म्हणून बसलोय. सकाळी सातला दार उघडतं तेव्हा रांगेतले पहिले पंधरा जण साठीच्या पुढचे. हातात काठी, पिशवीत मतदार कार्ड, आणि वर "माझा पहिला नंबर होता" म्हणून भांडण. तरुण पोरं येतात साडेचारला, बाइकवरून तिघं, शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढायला. पुण्यातल्या पोराचं सोडा, इथल्या इथे पाचशे मीटरवर असलेल्यांना उठवायला मी स्वतः तीन-तीन वेळा गेलोय. एकाची आई म्हणाली, "झोपूंदे रे, रात्री उशिरा आला." टपाली मतपत्रिका दिली तर तीही उशीखाली सापडेल.

कुळागर

फणसकाका, त्या झोपलेल्याचं उत्तर मी देते, मी जागी होते.

माझं पहिलं मत १४ फेब्रुवारी २०२२. अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. मैत्रिणी व्हॅलेंटाइनचं काय काय करत होत्या, मी पपांबरोबर रांगेत. मी ज्याला मत दिलं त्याच्या पक्षाच्या उमेदवारांनी आधी देवळात, खुरसापुढे आणि दर्ग्यात शपथ घेतली होती की पक्ष सोडणार नाही. १४ सप्टेंबर २०२२ला अकरातले आठ आमदार पलीकडे गेले. बरोबर सात महिने. दोन तृतीयांश असले की कायद्यात ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. त्याच्या आधी २०१९ला पंधरातले दहा गेले होते, तेही मोजून दोन तृतीयांश. मतदारसंघाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर काकांना मी कोण ते कळेल.

पपा म्हणाले, "सवय होते हळूहळू." मला नाही करून घ्यायची ती सवय. तुम्ही लोक पन्नास वर्षं हे बघत आलात म्हणून तुम्हाला काही वाटत नाही. माझं ते पहिलं होतं.

आणि मत नसतानाही आम्ही झोपलो नव्हतो. २०२०ला मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि रुंद महामार्ग न्यायचं चाललं होतं, तेव्हा लॉकडाऊनमध्ये बसून पत्रं लिहिणारी, चित्रं काढणारी बहुतेक कॉलेजची पोरं होती. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रुळांपाशी लोक जमले त्यात मी दादाबरोबर होते, सतरा वर्षांची. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी मार्गाची वन्यजीव परवानगी रद्द केली. तेव्हा फणसकाका, साडेचारला येणारा बाइकवाला हा एक नमुना झाला, सगळी पिढी नव्हे.

संपादक मंडळ

धागा चांगला चाललाय. पक्षांची नावं घेऊन धुणी धुऊ नयेत, एवढीच विनंती.

फोंड्याचा फणस

बाये, मानलं. बाइकवाला माझाच पुतण्या होता, म्हणून एवढा राग.

कायद्याचं शेपूट

थोडी माहिती. धागाकर्त्याचे काही प्रश्न कायद्यात सुटलेले आहेत, काही मुद्दाम सोडवलेले नाहीत.

सुटलेले आधी. पूर्वी यादीत नाव यायला १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २ जानेवारीला अठरा पुरी झालेल्याला वर्षभर ताटकळायला लागायचं. २०२२पासून वर्षाला चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाल्यावर अर्जही आगाऊ देता येतो. म्हणजे मागची पाच-सात महिन्यांची हुकाहुकी आता कमी होईल.

दुसरं, बाहेरगावी शिकणारा विद्यार्थी कॉलेजचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालू शकतो. पुण्यात राहणारा पुण्यात मत देऊ शकतो. फक्त मग साखळीतलं नाव काढावं लागेल, दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे.

न सुटलेलं म्हणजे गावचं मत बाहेरून देणं. जानेवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना राजकीय पक्षांना बोलावून दाखवायचं ठरवलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील अशी योजना होती. पक्षांनी हरकती घेतल्या, ते तिथेच अडलं. हरकतींतही दम होता. पुण्यातल्या एका केंद्रावर साखळीच्या उमेदवाराचा एजंट कोण बसवणार? आचारसंहिता कुठल्या राज्याची? पण पंच्याऐंशीच्या आजींसाठी याहून अवघड कसरत आपण जमवली, हेही खरं.

आणि "एका पोराच्या मताने काय होतं" असं कोणी म्हणू नये. आपले मतदारसंघ पंचवीस-तीस हजारांचे. २०२२ला सांत आंद्रेत निकाल लागला ७६ मतांनी. साखळीत मुख्यमंत्र्यांचीच आघाडी ६६६, पणजीत ७१६. साखळी-डिचोलीतून पुण्या-बेंगळुरूला गेलेली पोरं मोजून बघा.

वाळवंटीकाठचा

वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालायचं मीही सुचवलं होतं त्याला. तो म्हणाला, "बाबा, घर साखळीत, विहीर साखळीत आटली, आणि मत मी कोथरूडच्या मेट्रोवर देऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोव्हेंबरात मतदारयाद्यांची खोल तपासणी सुरू झाली तेव्हाही मजा बघा. बीएलओ बाई फॉर्म घेऊन आल्या. २००२च्या यादीत आईचं नाव आहे, माझं आहे. पोरगा तर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याला माझ्या नावाला जोडलं, सहीही मीच केली, घरचा माणूस म्हणून. यादीत राहायला बाप चालतो, मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं.

मागची पडवी

मी या संस्थळावर वाचतो फार, लिहितो क्वचित. टंकायला नातीची मदत घेतली आहे.

१९६७च्या जनमत कौलाच्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. मतदानाचं वय एकवीस. महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्याला फूल, वेगळं राहायचं त्याला दोन पानं. आमच्या घरावर फूल, शेजारच्या घरावर फूल, आमचा सगळा वाडा फुलाचा. मी आणि माझे सोबती महिनाभर रानोमाळ हिंडलो, भिंती रंगवल्या, सायकलवरून घोषणा देत गेलो. १६ जानेवारीला मतदान झालं त्या दिवशी केंद्राबाहेर उभे राहून लोकांना पाणी दिलं. आम्हाला मत नव्हतं. मुंबईत कामाला असलेल्या माझ्या दोन काकांनाही नव्हतं, कारण गोव्याबाहेर राहणाऱ्यांना त्यात घेतलंच नाही. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी फूल हरलं. मी दोन दिवस जेवलो नाही. वडिलांनी मत दिलं होतं, ते जेवले.

आता धागाकर्त्यांना पटणार नाही असं बोलतो. तेव्हा मला मत असतं तर मी फुलालाच दिलं असतं. आज विचाराल तर, हरलो ते बरं झालं. चाळीस आमदारांची आपली विधानसभा आहे, तिथे निदान भांडायला तरी जाता येतं. जिंकलो असतो तर एका मोठ्या राज्याच्या टोकाला एक जिल्हा होऊन बसलो असतो. चारचौघांत म्हणायला अजून जड जातं, पण घरी म्हणतो. म्हणजे त्या वेळी मला वगळलं ते बरोबर होतं का? नव्हे. चुकलो असतो तर माझं मी निस्तरलं असतं, साठ वर्षं. वडिलांना त्या निकालाखाली अकराच वर्षं काढायची होती. तरुण माणूस शहाणा असतो म्हणून त्याला मत द्यावं, हा मुद्दाच नव्हे.

पुढे मी हायस्कुलात मास्तर झालो. १९७८-७९ला विद्यार्थ्यांनी बसभाड्यात अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केलं. माझ्याच वर्गातली पोरं बसच्या आडवी झोपली. एकालाही मत नव्हतं, कारण अठराचा नियम यायला १९८९ उजाडावं लागलं. तरी अर्धं तिकीट मिळवलंच त्यांनी. हेडमास्तरांनी मला पोरांना आवरायला पाठवलं होतं. मी गेलो, आणि चहा पिऊन परत आलो.

कुळागर

आजोबा ❤ तुमच्या नातीला माझा नमस्कार सांगा. एवढं टंकलं तिने!

सुशेगाद

अवांतर: अर्धं तिकीट मीही वापरलंय. कंडक्टर पास बघून तोंड असं करायचा जसा काय त्याच्या खिशातून जातंय.

पंच पण परमेश्वर नाही

ऑगस्ट २०२२ला मी तेवीसाव्या वर्षी पंच झालो. पंचायतीला एकवीस पुरतात, विधानसभेला आणि लोकसभेला पंचवीस लागतात. गटारावर निर्णय घ्यायची अक्कल एकविसाव्या वर्षी येते आणि गटाराच्या निधीवर बोलायची पंचविसाव्या, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. असो.

विधानसभेच्या मताची एवढी चर्चा चाललीय, पण गावात पिढ्यांचा खरा सामना ग्रामसभेत होतो, आणि तिथे टपाल, पुणे, परीक्षा यांपैकी कुठलंही कारण नसतं. रविवार सकाळ, गावातच, सगळे मतदार सभासद. पुढच्या चार रांगा पांढऱ्या केसांच्या. पोरं मैदानावर. मागच्या वर्षी आमच्या गावात शेतजमिनीच्या रूपांतराचा विषय निघाला. नगरनियोजन कायद्यात २०२३ला १७(२) कलम घातलं, प्रादेशिक आराखड्यातली 'चूक दुरुस्त' करायच्या नावाखाली भातशेती, बागायती सगळं सेटलमेंट (बांधकामाची जमीन) होत चाललं होतं. मार्च २०२५ला उच्च न्यायालयाने त्याचे नियम उडवले. सभेत मी म्हटलं, गावाने ठराव करून ठेवूया. समोरून एक काका उठले. माझ्या वडिलांचे मित्र, कडेवर घेऊन मला जत्रेला नेणारे. म्हणाले, "तुला शेत कसायचं आहे का? नाही ना? मुलगा माझा बोटीवर, शेतात पाय ठेवत नाही. मग विकू नको तर काय करू?"

मला तिथे बोलता आलं नाही. कारण मीही कसत नाही. वडिलांनी पडीक टाकलेल्या शेतात मी पाच वर्षांत एकदा गेलोय, सर्व्हेची दगडं बघायला. तेव्हा वाळवंटीकाठचे काका, वारसाची बाजू तुम्ही छान मांडलीत, पण वारसाला भाट नको असतं, भाटाचे पैसे हवे असतात, असंही घडतं. ठराव झाला शेवटी. सहा मतांनी. सहाही आज्या होत्या, बचत गटातल्या. पोरांपैकी तिघं आलेले, त्यातला एक चार्जर मागायला.

पेडणेकरीण

सहा आज्या 😄 मी म्हटलं नव्हतं?

स्विंडनकर

इंग्लंडातून लिहितोय. आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणून वडिलांची आणि माझी नोंद लिस्बनला झाली, पोर्तुगीज पासपोर्ट आला. त्याच दिवशी भारतातलं मत गेलं, कारण दोन नागरिकत्वं आपल्याकडे चालत नाहीत. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डावर गावी येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. तक्रार नाही, हिशेब करूनच आलो.

गंमत पुढे आहे. पोर्तुगालच्या संसदेची निवडणूक लागली की मतपत्रिका टपालाने इथे घरी येते. देशाबाहेरच्या मतदारांसाठी चार जागाच राखून ठेवल्यात त्यांनी. लिस्बन मी आयुष्यात दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा सरकारी कचेरीची रांग. पोर्तुगीज भाषेत मला 'ओब्रिगादू' म्हणता येतं. तरी माझं मत तिथे मोजतात. माझा धाकटा भाऊ म्हापशाचा, बेंगळुरूत नोकरी करतो, त्याला म्हापशासाठी मत देता येत नाही कारण रजा नाही.

इथे इंग्लंडात तर सोळाव्या वर्षी मत द्यायचं सरकारने गेल्या जुलैत जाहीर केलंय. ऑस्ट्रियात २००७पासून आहेच. माझी मुलगी चौदाची, ती दिवस मोजतेय. कौन्सिलच्या बस कमी केल्या, तो तिचा मुद्दा.

कायद्याचं शेपूट

धाकट्या भावाला सांगा, रजा नाही हे मालकाने म्हणता कामा नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमाने मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, मतदारसंघाबाहेर कामाला असला तरीही. विद्यार्थ्याला हे कलम लागू नाही, हा पुन्हा तोच भोक पडलेला डबा.

आणखी एक आकडा, वादासाठी नव्हे, माहितीसाठी. २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक देशात सर्वात जास्त प्रमाणात केरळात, त्याखालोखाल गोव्यात, शंभरात अकरा. आणि २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात बाईमागे मुलं १.३. म्हणजे पुढची वीस वर्षं रांगेत काठ्या वाढतच जाणार, फणसराव. तरुणांची मतं आपोआप वाढणार नाहीत. त्यातली बरीच बाहेरगावी.

फोंड्याचा फणस

मग उपाय सांगा ना. मी काय चादर ओढून सगळ्यांना उठवत फिरू?

वाळवंटीकाठचा

उपाय मला काल पोराशी फोनवर बोलताना सुचला. मोठा काही नाही. त्याची पदवी या वर्षी संपतेय, नोकरी पुण्यातच लागलीय. त्याच्या ओळखीची डिचोली, सत्तरी, साखळीची तीसेक पोरं तिथे आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री पुण्याहून एक बस करायची, दुसऱ्या दिवशी रात्री परत. ऐनवेळी सीझनचे भाव लागले की पोरं येत नाहीत, म्हणून पालकांनी आधी ठरवून टाकायची. तारीख जाहीर झाली की लगेच.

कायद्याचं शेपूट

जपून. मतदारांना फुकट वाहनाने आणणं हा भ्रष्ट आचार आहे, उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने केलं तर. आईबापांनी आपल्या पोरांचं तिकीट काढायला हरकत नाही. पण कोणा इच्छुकाने "बस माझ्याकडून" म्हटलं तर हो म्हणू नका. आणि ते म्हणतीलच.

सुशेगाद

म्हणतील काय, बॅनरसकट म्हणतील. "युवा हृदयसम्राटांच्या सौजन्याने".

पेडणेकरीण

माझी पुतणी चिंचवडला आहे. पण बस पेडण्यावरून न्याल का? पत्रादेवीला उतरवलंत तरी दीर घ्यायला येतील.

पंच पण परमेश्वर नाही

आमच्या गावचे दोघं. एकाला उलटी होते घाटात, पुढची सीट द्या.

कुळागर

मी गोव्यातच आहे, मला बस नको. सकाळी पोरांना बसवरून थेट केंद्रावर न्यायला दुचाक्या लागतील ना? आमच्या ग्रुपमधल्या आठ मिळतील. फणसकाका, पुतण्याची बाइक धरून नऊ.

फोंड्याचा फणस

त्याला विचारतो. साडेचारच्या आधी उठला तर.

मागची पडवी

तीस पोरांचं अर्धं तिकीट मी भरतो. पेन्शन मास्तरकीची आहे, कोणाची मेहेरबानी नाही. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः भरावं, नाहीतर बसमध्ये बसून आजोबांचं ऐकावं लागेल असं वाटून घाबरतील.

कायद्याचं शेपूट

आजोबा, क्षमा करा, पण विचारावंच लागतं. तुमचा कुठल्या उमेदवाराशी काही संबंध?

मागची पडवी

नात हसतेय. लिहून घे म्हटलं तिला: माझं फूल १९६७लाच हरलं.